सहा नॅनोमीटरच्या अलीकडे: कोबाल्ट, कार्बन आणि कृत्रिम इंधन

कार्बनवर कोबाल्टचे नॅनोकण बसवण्याचे काम मी पहिल्यांदा हाती घेतले, तेव्हा माझ्या मनात एक समजूत पक्की होती: धातू जितका बारीक करावा तितका तो अधिक काम करतो. वैद्याच्या खलात औषध जितके घोटावे तितके ते गुणकारी होते, अशी आपल्याकडची जुनी धारणा आहे आणि उत्प्रेरकांच्या, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांच्या, बाबतीत ती बऱ्याच अंशी खरीही ठरते. अभिक्रिया धातूच्या पृष्ठभागावर घडते, आतले अणू नुसते ओझे म्हणून असतात. तेव्हा कण लहान करून आतले अणू बाहेर आणावेत, हे तर्काला धरूनच आहे. कृत्रिम इंधन तयार करण्याच्या अभिक्रियेत मात्र हा तर्क एका ठरावीक आकारापर्यंतच चालतो आणि त्याच्या खाली गेल्यावर उलटतो. हे ज्या आधारद्रव्यामुळे स्वच्छ दिसले, त्या कार्बनविषयी आज लिहायचे आहे.

अभिक्रिया जुनी आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणाला सिंगास म्हणतात. हा वायू सुमारे २०० ते २४० अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या वीस-तीस पट दाबाखाली कोबाल्टवरून नेला की कार्बनचे अणू एकामागून एक जोडले जातात आणि मिथेनपासून मेणापर्यंत सर्व लांबीच्या हायड्रोकार्बन साखळ्या तयार होतात. सोबत पाणी निघते आणि साखळीत जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक दुव्यामागे, म्हणजे दर मोलला, सुमारे १६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १९०२ साली साबात्ये आणि सेंदेरेंस या फ्रेंच शास्त्रज्ञांना निकेल व कोबाल्टवर याच दोन वायूंपासून फक्त मिथेन मिळाला होता. लांब साखळ्या मिळवण्याचे श्रेय जर्मनीतील म्युल्हाइम येथील कोळसा संशोधन संस्थेत काम करणाऱ्या फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रोप्श यांच्याकडे जाते. त्यांचे मूळ काम १९२० च्या दशकातले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत या पद्धतीचे नऊ कारखाने चालू होते. त्यांतील उत्प्रेरकाची कृती एखाद्या मसाल्यासारखी ठरलेली होती: १०० भाग कोबाल्ट, ५ भाग थोरियम ऑक्साइड, ८ भाग मॅग्नेशियम ऑक्साइड आणि २०० भाग किझेलगूर, म्हणजे डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची सिलिकायुक्त माती. थोरियम किरणोत्सारी असते, याची तेव्हा कोणी फारशी फिकीर केलेली दिसत नाही.

त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत १९५५ पासून सासोलबर्गला आणि १९८० पासून सेकुंडाला कोळशापासून, मलेशियात बिंटुलू येथे १९९३ पासून आणि कतारमध्ये रास लफानच्या पर्ल कारखान्यात २०११ पासून नैसर्गिक वायूपासून, अशी ही पद्धत पसरत गेली. आफ्रिकेतील कारखान्यांचा मुख्य भर लोखंडावर राहिला, तर नैसर्गिक वायूच्या कारखान्यांनी कोबाल्ट निवडला. कोबाल्टच्या उत्प्रेरकाला आधार नेहमी कुठल्यातरी ऑक्साइडचाच मिळाला: सिलिका, ॲल्युमिना किंवा टायटॅनिया. कार्बन या यादीत नाही. तो का नाही याकडे मी शेवटी येणार आहे, कारण त्याचे उत्तर आणि कार्बनचा मोठेपणा या दोन्ही गोष्टी एकाच गुणातून निघतात.

आधी हा उत्प्रेरक बनवतात कसा ते सांगतो, कारण या कामातला हाताचा भाग शोधनिबंधांत एका ओळीत उरकलेला असतो. आधार म्हणून जो कार्बन घ्यायचा तो अनेक प्रकारचा असतो. नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा सूक्ष्म छिद्रांनी भरलेला असतो. कार्बन ब्लॅक म्हणजे कारखान्यात नियंत्रित रीतीने धरलेली काजळीच. कार्बनचे नॅनोतंतू मात्र मुद्दाम वाढवावे लागतात: सिलिकावर निकेलचे कण ठेवून त्यांवरून कार्बनयुक्त वायू सोडला की प्रत्येक कणातून एक तंतू बाहेर पडू लागतो, शेवया पाडल्यासारखा. नंतर अल्कलीत उकळून सिलिका काढायची आणि तीव्र नायट्रिक आम्लात उकळून निकेल काढायचे. या आम्लाचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. शुद्ध ग्रॅफाइटसदृश कार्बनला पाणी धरवत नाही. तेलकट तव्यावर पाण्याचे थेंब पळावेत तसे कोबाल्ट नायट्रेटचे द्रावण त्यावरून पळते. आम्लामुळे पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि कार्बन ओलावा धरू लागतो.

मग भिजवण्याची पायरी. एक ग्रॅम भुकटीच्या छिद्रांत किती पाणी मावते हे आधी मोजून घ्यायचे आणि बरोबर तेवढ्याच द्रावणात कोबाल्टचे मीठ विरघळवून ते थेंबाथेंबाने घालत, ढवळत राहायचे. भाकरीचे पीठ भिजवताना ज्या क्षणी हाताला कळते की आता पाणी पुरे, तसाच एक क्षण येथे येतो: भुकटी वरून कोरडी दिसते, पण चमच्याखाली किंचित गोळा होऊ लागते. त्यापुढे दोन थेंब जास्त झाले तर जादा द्रावण कणांच्या बाहेर साचते आणि वाळल्यावर तेथे कोबाल्टची ढेकळे बनतात. माझे पहिले तीन नमुने असेच फुकट गेले. भिजवलेली भुकटी सावकाश वाळवून, नायट्रोजनमध्ये तापवून, शेवटी सुमारे ३५० अंशांना हायड्रोजनमध्ये ठेवली की ऑक्साइडचा धातू होतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली करड्या तंतूंवर खसखस भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसतात. कार्बनचा अणू हलका असल्यामुळे तो इलेक्ट्रॉनच्या शलाकेला फारसा अडवत नाही आणि कोबाल्टचा प्रत्येक ठिपका वेगळा मोजता येतो. सिलिकावर हेच काम बरेच कष्टाचे असते.

आता आकाराचा हिशेब. कोबाल्टच्या कणाचा व्यास नॅनोमीटरमध्ये घेऊन ९६ ला त्याने भागले की साधारण किती टक्के अणू पृष्ठभागावर आहेत ते कळते. सोळा नॅनोमीटरच्या कणात जवळजवळ दोन लाख अणू असतात आणि त्यांतले सहाच टक्के बाहेर असतात. सहा नॅनोमीटरच्या कणात दहा हजारांच्या आसपास अणू आणि १६ टक्के बाहेर. कण २.६ नॅनोमीटरचा केला तर त्यात जेमतेम आठशे-साडेआठशे अणू राहतात आणि त्यांतले ३७ टक्के वायूला भिडलेले असतात. कोबाल्ट महाग आहे, त्याचा मोठा हिस्सा काँगोच्या खाणींतून येतो, आणि त्यामुळे प्रत्येक अणूचा उपयोग व्हावा ही इच्छा केवळ शास्त्रीय नाही.

१९९२ साली एक्झॉन या तेल कंपनीच्या संशोधकांनी दाखवले होते की पृष्ठभागावरचा प्रत्येक कोबाल्ट अणू जवळजवळ सारखेच काम करतो. कण किती मोठा किंवा आधार कोणता याने फरक पडत नाही. त्यांच्या नमुन्यांत पृष्ठभागावरील अणूंचे प्रमाण एक ते बारा टक्के होते, म्हणजे त्यांचे सर्वांत लहान कण आठ नॅनोमीटरच्या आसपासचे होते. त्याखाली काय होते हे ऑक्साइडच्या आधारावर पाहणे कठीण होते आणि त्याला कारणही तसेच आहे. कोबाल्टचा कण जितका लहान, तितका तो सिलिका किंवा ॲल्युमिनाशी अधिक घट्ट बांधला जातो. कोबाल्टचे सिलिकेट किंवा ॲल्युमिनेट बनते आणि ते हायड्रोजनला नेहमीच्या तापमानाला दाद देत नाही. मग लहान कणांचा नमुना कमी काम करू लागला, तर दोष आकाराचा की अर्धा कोबाल्ट धातू झालाच नाही याचा, हे ठरवायचे कसे? साक्षीदारच खटल्यातला पक्षकार असावा, तशी ही अडचण होती.

नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात क्राइन डी योंग यांच्या गटाने हा पेच कार्बनच्या नॅनोतंतूंनी सोडवला. कार्बन कोबाल्टशी असे कोणतेही संयुग करत नाही. कण लहान असो वा मोठा, तो सहज धातू होतो. त्यांनी २.६ पासून २७ नॅनोमीटरपर्यंतच्या कणांचे नमुने केले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वातावरणाच्या दाबाला सहा नॅनोमीटरच्या वर आणि ३५ बार (वातावरणाच्या सुमारे ३५ पट) दाबाला आठ नॅनोमीटरच्या वर प्रत्येक पृष्ठ-अणूचे काम स्थिर राहत होते, एक्झॉनवाल्यांनी सांगितले होते तसेच. त्याच्या खाली मात्र ते कोसळत होते. ३५ बारला १६ नॅनोमीटरच्या कणावरचा एक अणू सेकंदाला ०.०२३ वेळा अभिक्रिया घडवत होता, २.६ नॅनोमीटरच्या कणावर हाच आकडा ०.००१४ वर आला. पाच किंवा अधिक कार्बनच्या उपयोगी साखळ्यांचे प्रमाण वजनाने ८५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर घसरले.

हे आकडे वरच्या हिशेबात घालून पाहावेत, म्हणजे त्यांचे गांभीर्य कळते. सोळाचा कण २.६ चा केल्याने पृष्ठभाग सहापट होतो, पण प्रत्येक अणूचे काम सोळाव्या हिश्श्याइतके होते. म्हणजे तेवढ्याच कोबाल्टपासून मिळणारे उत्पादन वाढण्याऐवजी अडीच पटींहून अधिक कमी होते. उलट १६ वरून आठपर्यंतच आलो असतो, तर पृष्ठभाग दुप्पट झाला असता आणि अणूंचे काम तेवढेच राहिले असते. मी स्वतः तीन नॅनोमीटरचे सुबक, एकसारखे कण करून दाखवल्याचा आनंद आठवडाभर मिरवला होता. रिॲक्टरमधून बाहेर आलेल्या वायूच्या आलेखात मिथेनचा उंच सुळका दिसला तेव्हा तो उतरला.

असे का होते? पहिला संशय असा होता की अभिक्रियेत तयार होणारे पाणी लहान कणांना पुन्हा गंजवते. परंतु क्ष-किरणांच्या शोषणावरून पाहिले तर अभिक्रियेनंतरही ते कण धातूच होते. १५ वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या या चर्चेत मला सर्वांत पटलेले उत्तर त्याच गटाने २००९ साली दिले. चालू अभिक्रियेत साध्या कार्बन मोनॉक्साइडच्या जागी अचानक जड कार्बन-१३ चा वायू सोडायचा आणि जुना कार्बन पृष्ठभागावरून किती वेळाने निघून जातो ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. सहा नॅनोमीटरहून लहान कणांवर साखळीचे अर्धवट तुकडे जास्त वेळ अडकून राहतात, काही कार्बन मोनॉक्साइड तर कायमचाच चिकटतो आणि शिल्लक जागेवर हायड्रोजनची गर्दी होते. ज्या कणावर हायड्रोजन जास्त आणि शेजारी जोडायला कार्बन कमी, तेथे साखळी वाढण्याआधीच तोडली जाऊन मिथेन होतो. लहान कणावर कडा आणि कोपऱ्यांतले अणू जास्त असतात. ते एकाकी असल्याने आलेल्याला फार घट्ट धरून ठेवतात. कार्बन-ऑक्सिजनचा बंध तोडण्यासाठी मात्र पायरीसारखी, चार-पाच अणू नेमक्या मांडणीत असलेली जागा लागते, आणि आठशे अणूंच्या ढिगात अशा पायऱ्या फारशा मावत नाहीत, असे मानले जाते.

मिथेन तयार झाला तर बिघडले कुठे, असे कोणी विचारेल. कोळशाच्या किंवा नैसर्गिक वायूच्या कारखान्यात तो पुन्हा सिंगासकडे वळवता येतो, जरी त्याला ऊर्जा लागते. परंतु आता ज्या कृत्रिम इंधनाची चर्चा आहे ते हवेतल्या किंवा धुराड्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून आणि विजेने पाणी फोडून मिळवलेल्या हायड्रोजनपासून करायचे आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे विमानाच्या इंधनात २०३० पर्यंत असे कृत्रिम इंधन १.२ टक्के आणि २०५० पर्यंत ३५ टक्के असावे लागेल. (पुण्याहून दिल्लीला १९ मे २०२३ रोजी जे विमान अंशतः पर्यायी इंधनावर गेले, त्या इंधनाची वाट वेगळी होती, ते उसापासूनच्या अल्कोहोलपासून केलेले होते.) कार्बन डायऑक्साइडपासून इंधनाच्या साखळीतला एक दुवा करायला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात. म्हणजे एक किलो इंधनाला सुमारे ०.४३ किलो हायड्रोजन, आणि एक किलो हायड्रोजनला पन्नासेक युनिट वीज. इंधनात जेमतेम बारा युनिट ऊर्जा असते आणि केवळ हायड्रोजनसाठीच एकवीस-बावीस युनिटे खर्ची पडतात. त्याच कार्बनचा मिथेन झाला तर तीनऐवजी चार रेणू हायड्रोजन जातो आणि हाती विमानात न भरता येणारा वायू येतो. हायड्रोजन इतका महाग असताना, ८५ आणि ५१ टक्क्यांतला फरक हा कारखाना चालणार की नाही यातला फरक आहे.

कार्बनच्या अलिप्तपणाचा दुसरा फायदा लोखंडाला झाला. उट्रेख्टच्याच गटाने २०१२ साली कार्बनच्या नॅनोतंतूंवर आणि अल्फा ॲल्युमिनावर लोखंडाचे कण ठेवून, त्यांना सोडियम आणि गंधकाचा अल्पसा संस्कार देऊन, दोन ते चार कार्बनच्या ऑलेफिनचे, म्हणजे दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनचे, प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत नेले. साखळ्यांच्या वाटणीचे जे साधे गणित आहे त्यात दोन ते चार कार्बनच्या सर्व रेणूंना मिळूनही कमाल ५७ टक्क्यांच्या आसपासच जागा मिळते, हे लक्षात घेता तो निकाल लक्षणीय होता. गंधक म्हणजे उत्प्रेरकांचे विष, असे आम्ही पहिल्या वर्षापासून पाठ केलेले. येथे ते मात्रेत दिल्यावर औषध ठरले. लोखंडाची आणि आधाराची जवळीक नसल्यामुळे लोखंडाचे कार्बाइड (लोखंड आणि कार्बनचे संयुग), जे या अभिक्रियेत खरे काम करते, विनासायास बनू शकते.

मग कारखान्यात कार्बन का नाही? त्याचे पहिले उत्तर मला एका संध्याकाळी मिळाले. धातू झालेला उत्प्रेरक हवेत काढण्यापूर्वी नायट्रोजनमध्ये एखादा टक्का ऑक्सिजन मिसळून त्याला सावकाश निवू द्यायचे असते. घाईत मी ती पायरी गाळली आणि भुकटी बशीत ओतली. काही क्षणांत तिच्या मधोमध एक लाल ठिपका उमटला आणि राखेखालचा विस्तव फुलावा तसा पसरत गेला. आधी कोबाल्ट पेटला, मग त्याने कार्बन पेटवला, आणि आठवड्याच्या कामाची काळी चिमूट उरली. ही माझी चूक होती, पण तिच्या मागचे रसायन कारखान्यालाही चुकत नाही. कोबाल्टचा उत्प्रेरक महिनोन् महिने चालल्यावर मेणाने आणि कार्बनच्या थरांनी माखतो. तो ताजा करायचा तर हवेत भाजून मग पुन्हा हायड्रोजन द्यावा लागतो. ॲल्युमिना ही भाजणी सोसतो. कार्बनच्या बाबतीत माखलेले आणि आधार दोन्ही एकच पदार्थ असल्याने भाजणीत दोन्ही जातात.

दुसरी अडचण कणांच्या हिंडण्याची आहे. कोबाल्ट १४९५ अंशांना वितळतो, पण पृष्ठभागावरचे अणू त्याच्या किती तरी आधी, सुमारे २५० अंशांच्या आसपास, हलू लागतात, आणि अभिक्रियेचे तापमान याच्या थोडेसेच खाली असते. ऑक्साइडवर कणाला धरून ठेवणारे बंध असतात. गुळगुळीत तंतूवर तो घसरतो, शेजाऱ्याला भेटतो आणि दोघांचा एक होतो. नायट्रिक आम्लाने तयार केलेले ऑक्सिजनचे गट थोडे खुंट्यांसारखे काम करतात खरे, पण त्यांतले बरेचसे धातू करण्याच्या ३५० अंशांतच कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात, म्हणजे गरज पडते तेव्हाच खुंट्या निखळलेल्या असतात. शिवाय फार तापवले तर कोबाल्ट स्वतःच आधाराच्या कार्बनचा हायड्रोजनशी संयोग घडवून त्याचा मिथेन करू लागतो. बसलेली फांदी तोडण्याचाच हा प्रकार आहे. आठ नॅनोमीटरचे कण ठरवून बसवावेत आणि महिन्याभराने ते पंधराचे सापडावेत, हे मी पाहिले आहे.

यावरून कार्बन कारखान्यात चालतच नाही असे समजण्याचे कारण नाही. पॉलिएस्टरच्या कच्च्या मालाचे, म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्लाचे शुद्धीकरण करवंटीच्या कोळशावरील पॅलेडियमनेच होते. अमोनियासाठी रुथेनियम आणि ग्रॅफाइटसदृश कार्बनचा उत्प्रेरक १९९२ मध्ये कॅनडातील किटिमाट येथे कारखान्यात लागला. तेथेही आधाराचा मिथेन होण्याची भीती होतीच, आणि ती कार्बनला अतिशय उच्च तापमानाला भाजून, त्याची ग्रॅफाइटसारखी घडी नीट बसवून कमी केली जाते. कोबाल्टसाठी हा उपाय अर्धाच लागू पडतो, कारण जितका कार्बन सुघटित तितका तो गुळगुळीत, आणि कण पुन्हा घसरायला मोकळे. सध्या कार्बनच्या जाळीत नायट्रोजनचे अणू घालून कणांना धरून ठेवण्याचे आणि कण छिद्रांत कोंडून ठेवण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, ते याच कात्रीतून सुटण्यासाठी आहेत. कोंडलेल्या कणापर्यंत वायू पोहोचावा आणि त्याच्या भोवती साचणारे मेण बाहेरही यावे, ही त्यातली कठीण अट आहे.

ज्वलनशीलतेचा एक फायदा मात्र आम्ही रोज घेतो. नमुन्यात प्रत्यक्ष किती कोबाल्ट बसला हे जाणून घ्यायचे असेल, तर तो नमुना तराजू असलेल्या भट्टीत हवेवर जाळतात. सगळा कार्बन निघून जातो आणि काळे कोबाल्ट ऑक्साइड उरते. त्याच्या वजनाला ०.७३४ ने गुणले की कोबाल्ट मिळतो. बशीत जळालेल्या त्या चिमटीचेही मी दुसऱ्या दिवशी वजन केले होते. बशीतून थोडे उडून गेले असेल हे धरूनही उत्तर अपेक्षेच्या जवळ आले, आणि नोंदवहीत त्या नमुन्यापुढे तेवढा एकच आकडा आहे.